शंभरातले साठ

प्रिय रेंज,

तुझं नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते मोबाईलबरोबर. गावच्या घरी वडील अंगणातल्या एका ठरावीक दगडावर उभे राहून फोनवर बोलायचे, कारण रेंज तेवढ्या तिथंच यायची. ती कधी असायची, कधी नसायची, आणि कुणी तिच्यावर रागवायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तोच शब्द दुसरा अर्थ घेऊन पुन्हा दारात आला. या वेळी तू आकडा होऊन आलीस. माहितीपत्रकावर, गाडीच्या फोटोच्याही वर, सगळ्यात ठळक अक्षरांत: १०० किमी.

पेट्रोलच्या गाडीबद्दल आपल्याकडे विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ बॅटरीच्या गाडीबद्दल विचारतात, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ ॲव्हरेज कमी पडलं तर खिशाला चाट बसते. तू कमी पडलीस तर माणूस रस्त्यातच उभा राहतो.

माझी गाडी स्वस्तातली. दोन युनिट वीज मावेल एवढी लिथियमची बॅटरी, हप्त्यांवर घेतलेली. घर चांदणी चौकापलीकडे बावधनला, ऑफिस कॅम्पात, जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर. शंभर भागिले अठ्ठावीस असा सरळ हिशेब करून मी ठरवलं की तीन दिवसांतून एकदा चार्जिंग केलं की झालं. पहिल्याच महिन्यात, चार्जिंगशिवायच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुलीला कोथरूडच्या क्लासवरून घेऊन घरी निघालो. कोथरूड डेपो मागे पडला, चांदणी चौकाचा चढ लागला आणि गाडीचा वेग वीसवर आला, मग दहावर. शेवटी नुसता दिवा चालू राहिला. शंभर किलोची गाडी मी हँडलला धरून ओढत होतो, मुलगी पाठीवर दप्तर घेऊन मागून ढकलत होती. शेजारून ट्रक जात होते. अर्ध्या चढावर ती म्हणाली, “बाबा, शंभर सांगितले होते ना?”

शेवटच्या चार्जिंगपासून गाडी एकसष्ट किलोमीटर चालली होती.

दुसऱ्या दिवशी जिथून गाडी घेतली तिथं गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, “साहेब, शंभर आयडियल कंडिशनला असतात. रस्त्यावर साठ म्हणजे चांगले आहेत.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. मात्र हे वाक्य त्यानं पैसे घेण्याआधी म्हणायला हवं होतं.

ती आयडियल कंडिशन म्हणजे काय, याचा मी शोध घेतला. माझा रोजचा पौड रस्ता वेताळ टेकडीच्या पायथ्यावरून जातो. त्याच टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालची संस्था आहे. पुण्यातले लोक सकाळी फिरायला जातात ती ‘एआरएआय टेकडी’ हीच. देशभरात तुझ्या छापील आकड्याला ‘एआरएआय रेंज’ म्हणतात, म्हणजे ज्या संस्थेच्या नावानं तू ओळखली जातेस तिच्या खालूनच मी रोज जातो.

मोजणीची रीत अशी. गाडी रोलरवर उभी करतात. चाक फिरतं, गाडी जागेवरच राहते, आणि रस्त्याचा विरोध रोलर देतो. त्यावर ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाचा ठरलेला क्रम चालवतात: थोडा वेग घ्या, सोडा, थांबा, पुन्हा घ्या. एक फेरी १०८ सेकंदांची आणि साधारण ६६० मीटरची. सगळ्यात जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी वेग २२ च्या आत. वजन एकट्या चालकाचं धरतात. बॅटरी संपेपर्यंत अशा फेऱ्या होतात आणि जमलेले किलोमीटर म्हणजे तू.

त्या मोजणीत खोटं काही नाही, आणि एकाच मापानं सगळ्या गाड्या मोजल्या जातात हा तिचा मोठा उपयोग आहे. एका कंपनीची गाडी दुसरीच्या शेजारी ठेवून पाहायची तर असं समान माप लागतंच. २०१९ च्या फेम-२ योजनेत अनुदानासाठी दुचाकीला किमान ८० किलोमीटर रेंजची अट होती, तीही अशाच मोजणीवर. अडचण पुढे सुरू होते. गाड्यांची तुलना करायला बनवलेलं माप ग्राहकाला वचन म्हणून दिलं जातं. बावीसच्या सरासरीनं, एकट्यानं, सपाटीवर, नव्या बॅटरीवर निघालेला आकडा घेऊन एखादी नर्स नाईट ड्युटीचं अंतर मोजते, एखादा पोरगा डिलिव्हरीचे फेरे ठरवतो.

मी वही सुरू केली. रोज निघताना आणि आल्यावर टक्के, किलोमीटर, एकटा की डबलसीट, टायरची हवा. तीन वर्षांत दोन वह्या भरल्या आणि तुझ्याबद्दलच्या माझ्या बऱ्याच समजुती बदलल्या. चढाला मी सगळ्यात जास्त घाबरायचो. हिशेब मांडला तर शंभर मीटर उंची चढायला, मोटरमधली घट धरूनही, माझ्या गाडीला एकट्यानं साठेक वॉट-तास लागतात. सपाट रस्त्यावरचे दोन-सव्वादोन किलोमीटर, बस. मुलगी मागे असली तर पावणेतीन. चांदणी चौकाचा चढ त्यापेक्षाही कमी उंचीचा. त्या संध्याकाळी त्यानं फक्त शेवटचा घोट घेतला. बाकीचं सगळं मी आधीच उधळलं होतं, लकडी पुलापासून पुढे मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगानं जाऊन.

तुला खाणारी खरी गोष्ट हवा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की रोध चौपट. माझी गाडी ताशी ४५ ला किलोमीटरमागे २८ वॉट-तास घेते. साठला नेली की चाळीसच्या पुढे जाते. दोन युनिटांपैकी वापरता येतात १.८ च्या आसपास, कारण बॅटरीतला सगळ्यात अशक्त सेल रिकामा झाला की तिचं नियंत्रण अख्खी बॅटरी बंद करतं, बाकीच्यांत थोडी वीज उरली असली तरी. म्हणजे पंचेचाळीसला तू चौसष्ट, साठला जेमतेम त्रेचाळीस. कोथरूड ते डेक्कन या दोन वेगांत जो वेळ वाचतो तो सिग्नलला संपून जातो. बाकीचे चोर किरकोळ, पण रोजचे: पंधरा दिवस हवा न भरलेला टायर, चाकाला घासणारा ब्रेक, डिसेंबरातल्या गार सकाळी आळसावलेले सेल.

वही लिहिता लिहिता तुझ्याबद्दलचा राग मात्र निघून गेला. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या जवळपास ऊर्जा असते. माझ्या बॅटरीत दोन. म्हणजे पाव लिटर पेट्रोलपेक्षाही कमी ऊर्जेवर तू दोन माणसांचं घर आणि ऑफिस, क्लास आणि भाजी, असे साठ किलोमीटर नवी असताना ओढायचीस. माझ्या जुन्या स्कूटरला पाव लिटरवर बारा किलोमीटरही जमत नसत. साठ हा लाजिरवाणा आकडा नाही. त्याच्या शेजारी शंभर छापल्यामुळे तो अपुरा दिसतो.

आमच्या सोसायटीतल्या वॉचमन मामांची गाडी माझ्याहूनही स्वस्त. लायसन्स नको, पासिंग नको, कारण मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग पंचवीसच्या आत. पायाखाली बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. दिवसाची ड्युटी आमच्याकडे, रात्रीची सुतारवाडीला. त्यांच्या मीटरवर टक्के नाहीत, कांड्या आहेत. एकदा गेटपाशी मला थांबवून म्हणाले, “साहेब, चढाला एकच कांडी राहते, आणि इथं येऊन थांबलो की परत तीन होतात. कुठली खरी धरायची?”

मी त्यांना सांगितलं ते असं. तो मीटर उरलेली वीज मोजत नाही, फक्त व्होल्टेज बघतो. चढावर मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज बसतं, कांड्या पडतात. ओढ थांबली की व्होल्टेज सावरतं आणि कांड्या परत येतात. त्यातून शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की जितक्या जोरात ओढाल तितकी तिची एकूण वीजही कमी मिळते. आणि ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर म्हातारी होते. “म्हणजे चढावरची धरा, मामा.” त्यांनी मान डोलावली. पण मला राहून राहून वाटतं, हे त्यांना मी का सांगायचं? गाडी विकणाऱ्यानं का नाही? त्यांना पत्रकावर साठ सांगितले होते. नव्या गाडीनं पस्तीस दिले आणि वर्ष सरताना पंचवीसही जड जायला लागले. महागडी गाडी घेणाऱ्याला तू तीस टक्के कमी पडलीस तर त्याच्याकडे तरीही ऐंशी-नव्वद उरतात, शिवाय घरात दुसरी गाडी असते. मामांकडे जे उरतं त्यात दोन ड्युट्या बसवायच्या असतात.

तुझं वय हा तर कुणी काढतच नाही असा विषय. माझ्या वहीत पहिल्या वर्षी एकट्यानं बासष्ट ते चौसष्ट आहेत, आज एक्कावन्न. यात बिघाड काही नाही. लिथियमची बॅटरी वापरानं आणि उन्हानं अशीच झिजते. काही वॉरंट्यांत अट असते की क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तरच बॅटरी बदलून मिळेल. बासष्टचे सत्तर टक्के म्हणजे त्रेचाळीस. पत्रकावर शंभर वाचून सही करणारा माणूस त्याच सहीनं त्रेचाळीसलाही होकार देतो, आणि हे त्याला ठाऊक नसतं. हप्ते तीन वर्षांचे असतील तर शेवटचा हप्ता तो जवळजवळ त्रेचाळीसच्या गाडीसाठी भरतो, फोटोतल्या गाडीसाठी नव्हे.

दोन आकडे शेजारी छापता येत नाहीत असंही नाही. एथर कंपनीनं २०२२ च्या आपल्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला प्रमाणित १४६ किलोमीटर आणि रस्त्यावरचे म्हणून १०५, असे दोन्ही आकडे सांगितले होते. गाडी विकली गेलीच. मग ज्यांच्यासाठी प्रत्येक किलोमीटर मोलाचा आहे त्यांच्या गाडीवर हे आधी यायला हवं. मला पत्रकावर चार गोष्टी हव्यात: बॅटरीतली किती वीज खरोखर वापरता येते, पंचेचाळीसच्या वेगाला एकट्यानं किती, डबलसीट किती, आणि तीन वर्षांनी किती. चारही मोजता येण्यासारख्या आहेत. रोलर तेच, टेकडी तीच. फक्त दुसऱ्यांदा मोजताना वजन वाढवायचं आणि वेग.

तोवर कुणी मला विचारलं तर मी सांगतो, पत्रकातल्या आकड्याचे निम्मे करा. तेवढ्यात रोजची फेरी आणि वर दहा किलोमीटर बसत असतील तर बिनधास्त घ्या, नसतील तर एक पायरी मोठी बॅटरी घ्या नाहीतर थांबा. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीनं याच हिशेबानं घ्यायचं रद्द केलं. तिचं घर लांब, लोणी काळभोरला आहे. दुसरीनं घेतली, ती त्याहून जवळच्या वडगाव शेरीहून येते आणि खूश आहे. दोघींनाही तू आधीच ठाऊक होतीस, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उद्या आईला डोळे तपासायला डेक्कनला न्यायचं आहे. डबलसीट, येताना चढ, मधे तिला मंडईत भाजी घ्यायची आहे; सगळं मिळून पंचवीस किलोमीटर. वहीप्रमाणे तू आता डबलसीट चाळीस देतेस. चार्जर लावला आहे, सकाळी हवा भरून निघतो. आईनं आत्ताच विचारलं, “गाडी पुरेल ना रे?” मी तिला चाळीस सांगितले.

तुझा,
चांदणी चौकापलीकडचा एक गाडीवाला