काँक्रीटच्या पोटातील साक्ष

इतिहास शिकविताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न नेहमी विचारतो : घटना घडत असतानाच झालेली नोंद अधिक विश्वसनीय, की पुढे अनेक वर्षांनी सांगितलेली आठवण? शिलालेख, ताम्रपट, दप्तरे ही उत्तरे येतात. अलीकडे मी त्यांत एका नव्या साधनाची भर घालतो. ते म्हणजे काँक्रीटच्या पोटात बसविलेला संवेदक, अर्थात सेन्सर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या रुंद भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून आमच्या बीड जिल्ह्यातही ‘स्लॅबचे घर’ म्हणजे कायमची सुरक्षितता, अशी श्रद्धा रुजली. परंतु स्लॅबलाही आयुष्य असते. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील गज सुरक्षित राहतो. क्षारातील क्लोराइड किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइड झिरपत त्याच्यापर्यंत पोहोचला, की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. भेग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. गोव्यातील मांडवीवरचा १९७० मध्ये खुला झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो पोलादी तारा गंजल्यामुळेच.

हा उशीर टाळण्यासाठी काँक्रीट ओततानाच गजाच्या वर निरनिराळ्या खोलीवर पोलादाचे तुकडे बसवितात. वरचा तुकडा गंजू लागला, की विद्युतप्रवाह बदलतो, मग त्याखालचा. त्यावरून मुख्य गजापर्यंत धोका केव्हा पोहोचेल, याचा अंदाज येतो. दुसऱ्या प्रकारात ताणलेली तार असते. काँक्रीटवरचा ताण बदलला, की एकतारीची खुंटी पिळल्याप्रमाणे तिच्या कंपनांचा स्वर बदलतो.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी ज्या केंद्रीय जल-आयोगाच्या उभारणीस चालना दिली, तो १९४५ मध्ये स्थापन झाला. पुढे २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांवर मापनयंत्रे बसविणे बंधनकारक केले. माजलगावसारख्या धरणास हे संरक्षण आहे. चार खोल्यांच्या वसतिगृहावर मात्र अशी सक्ती नाही.

माझ्या नोकरीच्या आरंभी एका शाळेत, रविवारी, वर्गाच्या छताचा मोठा पापुद्रा बाकांवर कोसळला. मुले नव्हती, म्हणून निभावले. वरचे गज तांबूस झाले होते. बांधकामास कोणते पाणी वापरले होते, असे विचारता कोणाकडेही नोंद नव्हती. कोनशिलेवर उद्घाटकांची नावे मात्र सुवाच्य होती.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे लोखंडी गजांच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात बोअरच्या मचूळ पाण्याचा मोह होतो आणि दहा दिवसांचे चार होतात. त्याची किंमत वीस वर्षांनी त्या छताखाली झोपणारी मुले मोजतात.

संवेदक प्रत्येक संस्थेस परवडतील असे नाही. तथापि, तांबे व मोरचूद यांच्या अर्धघटाने बाहेरूनही गजाचे विद्युत-विभव मोजता येते. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर गंजाची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक समजतात. शिवाय यंत्र कोणतेही असो, त्याचे आकडे वाचणारा माणूस नसेल, तर ते न उघडलेल्या दप्तरासारखेच होय.

म्हणून संस्थाचालकांस माझी विनंती आहे. यापुढे जी इमारत उभी राहील, तिची एक वही असावी. पाण्याच्या तपासणीचा अहवाल, स्लॅब ओतल्याची तारीख, पाणी मारल्याचे दिवस आणि दरवर्षीची पाहणी त्यात लिहिली जावी. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी, आणि वर्षातून एकदा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने वाचली जावी.