नारायणगावच्या राहुट्या आणि जुन्नरच्या श्रेणी

पुण्याहून नाशिककडे जाणारी एस. टी. चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब अशी गावे मागे टाकत सुमारे ७५ किलोमीटरवर नारायणगावला येते. मीना नदीकाठचे हे जुन्नर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. आजूबाजूला द्राक्षांच्या बागा, गावात टोमॅटोची मोठी उलाढाल. परंतु उभ्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत या गावाची ओळख निराळी आहे. लोक याला तमाशाची पंढरी म्हणतात.

गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत येथे रस्त्याच्या कडेला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा मोठा फलक, त्यावर नर्तकींचे आणि सोंगाड्याचे रंगीत फोटो. आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या, वही घेऊन बसलेला मॅनेजर. गावोगावच्या यात्रा कमिटीचे पुढारी जीपने येतात, चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि शेवटी एका फडाला सुपारी देतात. इसार दिला, तारीख वहीत चढली की सौदा पक्का. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा सारा हिशेब या राहुट्यांत ठरतो.

मी स्वतः जमाखर्चाच्या कामात आयुष्य घातलेला माणूस. त्यामुळे फलकावरच्या फोटोंपेक्षा माझे लक्ष त्या वहीकडे गेले. त्या वहीत गावाचे नाव होते, तारीख होती, सुपारीची रक्कम होती. ज्यांच्या अंगमेहनतीवर ही सुपारी ठरते त्या ढोलकीवाल्याचे, नाच्याचे, नाचणाऱ्या भगिनीचे किंवा तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्याचे नाव मात्र त्यात कोठेच नव्हते.

आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांना वाटेल, तमाशाशी आपला काय संबंध? परमपूज्य बाबासाहेबांनी समाजाला या जिण्यातून बाहेर काढले, धम्म दिला. मग पुन्हा तिकडे कशाला पाहायचे? प्रश्न रास्त आहे. पण तमाशा जगवला तो प्रामुख्याने गावकुसाबाहेरच्या माणसांनी. मातंग, कोल्हाटी, गोपाळ आणि पूर्वाश्रमीचे महार हेच पिढ्यान् पिढ्या या फडांचे कलावंत. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी याच लोककलेतून आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गवळण बाजूला सारून त्यांनी खेड्यातल्या माणसाला हक्काची भाषा शिकवली. ही कला आपल्या माणसांची, तिच्यात राबणारी माणसेही आपलीच. त्यांच्या पोटाचा प्रश्न आपल्याला परका नाही.

या गावाने नाव मिळवून दिलेल्या आणि या गावाला नाव मिळवून देणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचेच उदाहरण घ्या. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. फड गाजला, नाव झाले. पण अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. मरणानंतर पुरस्काराला नाव लागले, पण जिवंतपणी म्हातारपणाची सोय झाली नाही. एवढ्या मोठ्या कलावतीची ही गत, तर फलकावर फोटोही नसलेल्यांचे काय होत असेल?

एका राहुटीमागे पन्नाशीच्या एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पूर्वी नाचायच्या, आता वगात म्हाताऱ्या आईचे काम करतात आणि फडाचा स्वयंपाकही पाहतात. मी विचारले, "मावशी, कलावंतांची कामगार संघटना निघाली तर नाव घालाल का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, नाव घालाया काय जातंय? पण उद्या मालकानं उचल दिली नाय तर पोरीच्या शाळंचे पैसे तुमची संघटना देनार हाय का?"

साऱ्या प्रश्नाचे मूळ या एका वाक्यात आहे. फडाचा हंगाम साधारण दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत. आपल्यासाठी हे दोन्ही दिवस पवित्र. फडातल्या माणसासाठी एक दिवस कामाला जुंपल्याचा आणि दुसरा काम सुटल्याचा. मधले पावसाळ्याचे महिने बिनकामाचे. त्या काळात घर चालवायला, लग्नाला, आजारपणाला कलावंत पुढच्या हंगामाची उचल घेतो. मग ती फेडण्यासाठी त्याच फडात जावे लागते. ती फिटण्याआधीच पुढची उचल घेतलेली असते. उचलीपायी माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्यच गेले, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. पण हे फडात कोण सांगणार?

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फडमालक म्हणजे गिरणीमालक नव्हे. पुष्कळदा तो त्याच जातीचा, त्याच घरातला, काल स्वतः ढोलकी वाजवणारा असतो. ट्रक, तंबू, कनाती, जनरेटर, डिझेल आणि कलावंतांची उचल यांसाठी तोही सावकाराच्या दारात उभा असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, यात्रा बंद झाल्या, तेव्हा मालक आणि कलावंत दोघेही उघड्यावर आले. म्हणून काही जण म्हणतात, येथे संघटना कोणाविरुद्ध काढायची? अखिल भारतीय मराठी तमाशा परिषद आहे, ती शासनाकडे मागण्या मांडते, तेवढे पुरे. परिषदेचे काम मोलाचे आहे. पण तिच्या अग्रभागी फडमालक आहेत. मालकाची अडचण आणि मजुराची अडचण शासनदारी एक असेल, पण उचलीच्या वहीपुढे ती एक राहत नाही.

नारायणगावहून पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर जुन्नर. या शहराभोवतीच्या डोंगरांत आपल्या पूर्वजांची लेणी आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि कुकडीपलीकडचे लेण्याद्री मिळून शेकडा-दीडशेच्या वर. लेण्याद्रीचा एक मोठा विहार आज गणपतीचे देऊळ म्हणून ओळखला जातो. आपण तेथे जातो, वंदना घेतो, शेजारच्या चैत्यगृहात स्तूप पाहतो आणि परततो. पण जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत एक गोष्ट कोरलेली आहे, ती माझ्यासारख्या कार्यकर्त्याला फार मोलाची वाटते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले, असे एक लेख सांगतो. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या माणसांचा संघ. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या माणसांच्या संघावर लोक एवढा विश्वास ठेवत की त्याच्याकडे पैसा ठेवीत आणि ती नोंद दगडावर कोरीत! एकट्या बुरुडाकडे कोणी ठेव ठेवली असती काय? जो मान एकट्याला मिळत नव्हता तो संघाला मिळत होता. ज्या धम्मात आपण 'संघं सरणं गच्छामि' म्हणतो, त्या धम्माच्या लेण्यांतच हा धडा आहे.

मात्र आंधळेपणाने कोणत्याही संघटनेत जा, असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात त्यांनी विचारले की जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला का घेत नाहीत? धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली हे खाते बंद होते आणि कामगार एकजुटीची भाषा बोलणारे पुढारी त्याबद्दल गप्प होते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्हींना कामगारांचे शत्रू म्हटले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते डाव्यांबरोबर उभे राहिले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली मालकांनी कामगार संघटनांना मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी मांडले. म्हणजे संघटना हवीच, पण तिच्यात आपल्याला बरोबरीची जागा हवी.

आता मावशींच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. एका कलावंताने पावसाळ्यात २०,००० रुपये शेकडा ५ रुपये महिन्याच्या दराने काढले असे धरा. आठ महिन्यांचे व्याज ८,००० रुपये. हेच पैसे कलावंतांच्या स्वतःच्या निधीतून शेकडा १ रुपयाने मिळाले तर व्याज १,६०० रुपये. वाचले ६,४००. संघटनेची वर्गणी महिना ५० रुपये धरली तर हंगामाच्या सात महिन्यांचे ३५० रुपये होतात. एक हजार कलावंतांनी ती दिली तर पहिल्याच हंगामात साडेतीन लाखांचा निधी उभा राहतो. पहिल्या वर्षी तो सर्वांना पुरणार नाही, हेही खरे. पण अडलेल्या सतरा जणांची २०,००० रुपयांची गरज तो भागवील आणि पाच वर्षांत वाढेल. मावशी, उत्तर असे आहे. संघटना पहिल्या दिवशी पोरीच्या शाळेचे पैसे देणार नाही, पण ते देता येतील अशी पेटी तुमच्या हातात देईल.

कायद्याची वाटही बंद नाही. १९२६ च्या कायद्याप्रमाणेच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही किमान सात सभासद नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. असंघटित क्षेत्रातल्या संघटनेत निदान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या कामातले हवेत. ज्यांचा मालक रोज बदलतो त्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच माथाडी कायदा केला. मंडळाकडे मालक आणि कामगार दोघांची नोंद, मजुरीबरोबर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी. पाठीवर पोते वाहणाऱ्याला हे मिळाले ते अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली म्हणून. मग पायात घुंगरांचे ओझे वाहणाऱ्या भगिनींनी अशा मंडळाची मागणी का करू नये? यात्रा कमिटीच्या प्रत्येक सुपारीवर थोडी लेव्ही बसली तर मालकालाही ओझे होणार नाही.

तरी वर्गणी देण्यापूर्वी कलावंतांनी चार गोष्टी विचाराव्यात. पावती मिळते का आणि वर्षाचा जमाखर्च सभेत वाचला जातो का? पदाधिकाऱ्यांत मालक आहेत की कलावंत, आणि त्यांत स्त्रिया किती? उचलीची लेखी चिठ्ठी कलावंताच्या हातात द्यावी, अशी मागणी संघटना करते का? ट्रकच्या प्रवासातला अपघात विमा, कपडे बदलायला आडोसा, संडास आणि मुलांची शाळा हे विषय तिच्या यादीत आहेत का? ही उत्तरे नसतील तर ती संघटना नव्हे, फक्त आणखी एक फलक.

यात आपले काम कोणते? ज्या गावात फड येतो तेथील आपल्या तरुण मंडळांनी दुपारी तासभर तंबूत जावे. ५९ वर्षांपर्यंतच्यांची ई-श्रम नोंदणी विनामूल्य होते, ती करून द्यावी. राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत महिना ५,००० रुपये मिळतात, पण कलेची सेवा केल्याचे पुरावे लागतात. फडाच्या वहीत नाव नसलेल्या माणसाने पुरावा कोठून आणायचा? आजच कार्यक्रमाची पत्रिका, फोटो, गावच्या सरपंचाचा दाखला जमवून ठेवला तर तो उद्या कामी येईल. नोंदणीकृत संघटनेचे ओळखपत्र असेल तर हाती आणखी एक कागद राहील.

बुद्ध पौर्णिमेला हंगाम सुटतो, हिशेब होतात, माणसे आपापल्या गावी पांगतात. पांगण्याआधी त्या दिवशी जुन्नर परिसरात कलावंतांची एक सभा भरावी, एवढी आमची सूचना आहे. अर्ज करायला सात सह्या पुरेशा आहेत. बांबू विणणाऱ्यांनी जे केले ते ढोलकी वाजवणाऱ्यांना अवघड नाही.