आजोबांची फियाट आणि खानदेशचें ऊन

वैशाखांत खानदेशाकडे तोंड करूं नये, असें आमच्या घरांत पूर्वापार सांगत आले आहेत. आणि आमच्या आत्याबाईंचें सासर नेमकें खानदेशांत, चाळीसगांवच्या पुढें गिरणेच्या कांठीं! सन २०२३ च्या मे महिन्यांत तेथें त्यांच्या पुतण्याच्या मुलाचें लग्न निघालें. आत्याबाईंचें वय तेव्हां ८१; आदल्या उन्हाळ्यांत ऊन लागून चार दिवस इस्पितळांत काढलेले. पुण्याहून आगगाडी आहे, भाड्याच्या थंडगार मोटारीही हव्या तितक्या मिळतात. परंतु त्यांनीं एकच धरून ठेवलें होतें. "१९६५ सालीं बाबांनीं मला ज्या गाडींतून सासरीं पोंचविलें, तिच्यांतूनच एकदां जाऊन येईन. नाहीं तर मी आहें तेथें बरी आहें."

ती गाडी म्हणजे आजोबांची १९६४ सालची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेली, गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्राखालीं असलेली, दारांच्या कांचांपुढें वाऱ्यासाठीं लहान त्रिकोणी कांचा असलेली. शक्ति म्हणावी तर सुमारें ४० घोड्यांची. माझे थोरले चुलते अण्णा हे तिचे पालक. तिला हात लावण्यापूर्वीं आम्ही अजूनही त्यांना विचारतों. डॉक्टरांनीं स्पष्ट बजावलें कीं, न्यावयाचेंच असेल तर गाडी आंतून थंड पाहिजे. तेव्हां आमच्या माजघरांत जो वाद सुरू झाला तो तीन आठवडे चालला.

अण्णांचा पक्ष दुबळा नव्हता. पन्नास वर्षांवरील खाजगी मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले आहेत. गाडी मूळ स्वरूपांत असावी, तिच्या सांगाड्यांत, कवचांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांतील अट. अण्णांनीं त्या अर्जाचे कागद जमवून ठेवले होते. परंतु त्याच नियमांप्रमाणें अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामांपुरतीच रस्त्यावर आणावयाची असते. नित्याच्या प्रवासाला नाहीं. चुलतभावानें हें वाचून दाखविलें, तेव्हां आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "म्हणजे तिला पाट मांडून बसवायची. मग मलाही तिच्या शेजारीं बसवा." अण्णांनीं कागद कपाटांत ठेवले.

आमच्या मिस्त्रींनीं गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "थंडीचें मागाहून पाहूं. आधीं ऊन आंत कोठून येतें तें बघूं." टपाच्या आंतून त्यांनीं नमदा चिकटविला, पायांखालीं जाड थर घातला, दारांच्या कडांना नव्या रबरी पट्ट्या बसविल्या. निम्मी थंडी एवढ्यानेंच मिळते असें त्यांचें म्हणणें, आणि पुढें मलाही तें पटलें.

माठांतील पाणी गार कां होतें, हें घरांतील मुलेंही जाणतात. झिरपलेलें पाणी वाफ होऊन जातांना आंतील उष्णता घेऊन जातें. या यंत्राचें मर्म तेंच. फरक इतकाच कीं, येथें पाण्याच्या जागीं उणें २६ अंशांवर उकळणारा पदार्थ असतो, आणि त्याची वाफ वाया जाऊं न देतां इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती दाबून रेडिएटरपुढील जाळीकडे पाठवितो. तेथें ती आपली उष्णता टाकते आणि पुन्हां द्रव होते. थोडक्यांत, गाडींतलें ऊन उचलून रेडिएटरच्या तोंडावर फेकावयाचें! वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. घाटांत त्याचें काम पडणार आहे.

चाळीस घोड्यांपैकीं तीन-चार या यंत्राच्या दावणीला जातात. जुन्या डायनामोची वीज त्याच्या पंख्याला पुरेना, म्हणून त्या जागीं आल्टरनेटर आला; रेडिएटरपुढें विजेचा पंखा आला. थंड हवेची पेटी डॅशबोर्डाखालीं जुन्याच बोल्टांना टांगली. एक भोंक मात्र टळेना: इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यांतून नळ्या नेणें भाग होतें. त्या वेळीं अण्णा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मिस्त्रींनीं कापलेली रुपयाएवढी पत्र्याची चकती पुसून त्यांच्या हातांत दिली. ती अजून त्यांच्या पाकिटांत आहे. डायनामोही धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.

अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या आपल्या मोटारींतून प्रथम ही सोय विकावयास काढली, तेव्हां थंडीच्या यंत्रानें सामानाच्या कप्प्यांतली बरीच जागा व्यापली होती. आणि तें थांबवावयाचें तर गाडी उभी करून, टोपण उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे. आमच्या आत्याबाईंपुढें एक लहान कळ आहे, एवढी प्रगति ऐंशी वर्षांत झाली.

पहांटे साडेचारला आम्ही निघालों. शिरूरला घोड नदी ओलांडेपर्यंत यंत्राची गरजच भासली नाहीं. अहमदनगर (२०२४ पासूनचें अहिल्यानगर) सोडल्यावर उन्हानें डोळे वटारले, तशी कळ दाबली. इंजिनानें एक आंवढा गिळला, चाल किंचित् मंदावली, आणि पेटींतून हवेची झुळूक आली. वाळ्याच्या ओल्या ताटीशीं बसल्यासारखें वाटलें. वास तेवढा नाहीं. आत्याबाईंनीं पांचच मिनिटांत शाल मागितली. वैशाखांत, नेवाशाच्या वाटेवर, शाल!

कायगांव टोक्याला गोदावरी येते. प्रवरासंगमाचें पाणी जायकवाडीच्या फुगवट्यानें येथें विस्तीर्ण दिसतें. आत्याबाईंनीं कांच खालीं करून गंगेला हात जोडले. बाहेरची झळ आंत आली तशी अण्णांनीं घड्याळ पाहिलें. पुलापलीकडे चहाला थांबलों असतां एक पोर धांवत आलें, "आजोबा, गाडी गळतीया!" अण्णा चटकन् वांकून पाहूं लागले. गळत होतें तें नुसतें पाणी. थंड पेटीवर हवेंतील ओलावा धरतो आणि नळींतून खालीं ठिबकतो. पोराला तें सांगितलें. त्यानें ओंजळ धरून पाहिली व गार लागल्याची ग्वाही दिली.

छत्रपति संभाजीनगरानंतर देवगिरीच्या तटाजवळून वेरूळची वाट लागते. दुपारचे दोन तास आम्हीं कैलास लेण्याच्या सावलींत काढले. डोंगर वरून खालीं कोरून काढलेल्या त्या ओवऱ्यांत मध्यान्हींही दगड हाताला गार लागतो. पट्टा नाहीं, पंखा नाहीं. अण्णांनीं माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलें. मीं लक्ष दिलें नाहीं.

कन्नडच्या घाटानें उतरतांना पुढें खानदेशचें मैदान धुरकट पसरलेलें दिसतें. तेथें आमची मोटार ४० अंशांच्या वरच्या उन्हांत शिरली, आणि आत्याबाई गाडींत चक्क झोंपल्या. सायंकाळीं त्या सासरच्या ओसरीवर स्वतःच्या पायांनीं चढल्या, पिठलें-भाकरी जेवल्या, आणि रात्रीं गांवांतल्या दोन जुन्या मैत्रिणींशीं बारा वाजेपर्यंत बोलत बसल्या. भोंकाचा विषय तेथेंच संपला असें मला वाटलें.

परततांना तोच घाट चढावयाचा होता. पांच माणसें, लग्नाचें सामान, आणि वर कळ चालू. तिसऱ्या वळणावर कांटा तांबड्याकडे सरकूं लागला. गाडींतलें ऊन आम्हीं रेडिएटरवर फेकीत होतों, तें आतां तो परत करीत होता. अण्णांनीं कळ बंद केली, कांचा उतरवावयास लावल्या. तरी पुढच्या वळणाशीं टोपणाच्या फटींतून वाफ आलीच. गाडी कडेला घेतली. चुलतभावानें चाकांमागें दोन दगड लावले.

आत्याबाई छत्री घेऊन करंजाच्या सावलींत दगडावर बसल्या. "बाबांनींही येथेंच दगड लावले होते," त्या म्हणाल्या. "माहेरीं पहिल्या खेपेला नेत होते तेव्हां. मीं तांब्यांतलें पाणी दिलें होतें."

"अक्का, तें खालच्या वळणावर," अण्णा म्हणाले.

"तूं तेव्हां पांचवींत होतास. तुला काय ठाऊक?"

अण्णा गप्प झाले. अर्ध्या तासानें झांकण हातानें उघडण्याजोगें निवलें. पाणी भरलें, इंजिन सुरू केलें. घाटमाथ्यापर्यंत कळ दाबावयाची नाहीं असें ठरलें, आणि गरम वाऱ्यांत, सगळ्या कांचा खालीं टाकून, दुसऱ्या गिअरमध्यें आम्ही वर आलों. माथ्यावर कांटा ठिकाणीं आला. आत्याबाईंचा चेहरा लाल झालेला पाहून अण्णांनींच आधीं कळ दाबली व मागें वळून कांचा चढवावयास सांगितलें.

"बाकीच्या चढवा," त्या म्हणाल्या. "माझी राहूं दे."

एक कांच उघडी ठेवून यंत्र चालविणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें, हें अण्णांइतकें कोणालाच ठाऊक नव्हतें. ते कांहीं बोलले नाहींत. कन्नड गांव येईपर्यंत यंत्र तसेंच फुकट चाललें.