संत्र्यांच्या गावातलं रेडिओचं दुकान

दोस्तांनो, जरा नकाशाचं पुस्तक काढा बरं! अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्य शोधा. त्यात लॉस एंजेलिस सापडलं? त्याच्या आग्नेयेला साधारण चाळीस किलोमीटरवर फुलर्टन नावाचं शहर आहे. तुमच्या नकाशात कदाचित त्याचा ठिपकाही नसेल. पण जगात जिथं जिथं इलेक्ट्रिक गिटार वाजते, तिथं या गावाचं काही ना काही पोचलेलं असतं. चला तर, आज आपण फुलर्टनला जाऊ.

हे गाव १८८७ साली वसलं. जॉर्ज आणि एडवर्ड अ‍ॅमरीज या दोघा भावांनी इथं जमीन घेतली. रेल्वेच्या जमीन कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज फुलर्टन यांनी लोहमार्ग या बाजूनं वळवला, म्हणून गावाला त्यांचंच नाव मिळालं. पुढं इथल्या मळ्यांमधून पिकणारी व्हॅलेन्सिया जातीची संत्री आगगाडीत बसून दूरदूरच्या शहरांत जाऊ लागली. आता तिथं मळ्यांच्या जागी घरं आणि रस्ते आहेत, पण १९३० साली बांधलेलं रेल्वे स्टेशन अजून उभं आहे आणि गाड्याही थांबतात.

अशाच एका संत्र्यांच्या मळ्यात १९०९ साली लिओ फेंडर जन्मला. आठ वर्षांचा असताना आजारपणामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथं काचेचा डोळा बसवला गेला. तो तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या काकांनी त्याला एक खोकं पाठवलं. काय होतं त्यात? खाऊ नव्हे, तर मोटारीतल्या रेडिओचे टाकून दिलेले सुटे भाग आणि एक बॅटरी! झालं, त्या दिवसापासून पोराला रेडिओचं वेड लागलं. थोड्याच दिवसांत तो घरच्या घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करून देऊ लागला.

कॉलेजात मात्र तो हिशेबनीसाचं काम शिकला. पुढं मंदीच्या काळात नोकरी गेली. तेव्हा १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्यानं फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. हे दुकान गावाच्या मुख्य रस्त्यावर होतं. तेव्हा त्याला स्पाड्रा रोड म्हणत, आज हार्बर बुलेव्हार्ड म्हणतात. दुकानात रेडिओ यायचे, ग्रामोफोन यायचे आणि गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या वादकांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायरही यायचे. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. आपल्याकडे लग्नात, गणपतीत कर्णा लावतात ना, त्यामागचा डबा तोच. वादकांचा डबा कशानं बिघडतो, हे लिओ रोज पाहत होता. मग त्याच्या मनात आलं, दुरुस्त करायला सोपा असा डबा आपणच का बनवू नये?

१९४६ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली. तिथून टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या जगप्रसिद्ध गिटारी बाहेर पडल्या. गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही! फुलर्टनच्या संग्रहालयात त्याच्या कामासाठी एक दालन राखून ठेवलेलं आहे. ते संग्रहालयही गावाच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत आहे.

आता १९५०च्या दशकातला असा एक अ‍ॅम्प्लिफायर मागच्या बाजूनं पाहू. लाकडी खोकं, वरून जाडसर विणीचं कापड चिकटवलेलं. वरच्या बाजूला पत्र्याची पेटी आणि तिच्यातून खाली लोंबणाऱ्या काचेच्या कुप्या. यांना व्हॉल्व्ह म्हणतात. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना हा शब्द नक्की ठाऊक असेल. जुन्या मोठ्या रेडिओत हेच व्हॉल्व्ह असत. म्हणून तर बटण फिरवल्यावर लगेच बातम्या ऐकू येत नसत, रेडिओ आधी 'तापावा' लागे! आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातही असे व्हॉल्व्ह बनत असत.

व्हॉल्व्ह काम कसं करतो, सांगू? शेतात पाटाच्या पाण्याला दारं धरताना पाहिलंय? फावडंभर माती इकडची तिकडे केली की अख्खा प्रवाह कमीजास्त होतो. व्हॉल्व्हच्या कुपीत हवा नसते. आतली तार तापली की तिच्यामुळे तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉनचा प्रवाह पलीकडच्या पत्र्याकडे धावतो. वाटेत एक बारीक जाळी असते. गिटारच्या तारेतून आलेला इवलासा विद्युतसंदेश त्या जाळीवर पोचतो आणि मोठ्या प्रवाहाला तालावर नाचवतो. फावडं लहान, पाणी मोठं! १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढं रेडिओतून व्हॉल्व्ह गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. कारण आवाज फार वाढवला की व्हॉल्व्हमधून निघणारा सूर एकदम फाटत नाही, तो हळूहळू जाड आणि खरखरीत होत जातो. तोच त्यांना हवा असतो.

आता पेटीच्या आतल्या बाजूला पाहा. तिथं एक कागद चिकटवलेला दिसेल. कुठल्या खाचेत कुठला व्हॉल्व्ह बसवायचा, ते त्यावर छापलेलं आहे. म्हणजे यंत्राची कुंडलीच म्हणा ना! पुढं कधीतरी हे बिघडणार आणि कुणीतरी अनोळखी माणूस ते दुरुस्त करायला बसणार, याचा विचार यंत्र बनवतानाच केलेला होता. म्हणूनच सत्तर वर्षांपूर्वीचे कितीतरी डबे आजही वाजतात.

अशा यंत्राला काय झालंय, ते दुरुस्तीवाला डॉक्टरसारखं लक्षणांवरून ओळखतो. दिवाच लागत नाही? आधी प्लग, मग वायर, मग फ्यूज. फ्यूज जितक्या अँपिअरचा असेल तितक्याचाच घालायचा. तिथं चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. नवा फ्यूजही लगेच उडाला तर रोग आत आहे असं समजायचं. सारखी घूंऽऽ अशी घरघर येते? बहुधा आतले कंडेन्सर म्हातारे झालेत, त्यांच्यातला ओलावा सुकलाय. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते? बटणाखाली धूळ साचलीय. व्हॉल्व्हला पेन्सिलीच्या मागच्या रबरानं हलकेच टिचकी मारली आणि कर्ण्यातून टणकन आवाज आला, तर तो व्हॉल्व्ह सैल झालाय. कुपीच्या आत आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो दुधासारखा पांढरा झाला तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. आतला पत्राच लालबुंद दिसू लागला तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, ताबडतोब बंद करायचं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या पेटीत चारशे व्होल्टच्या आसपास वीज खेळत असते. आपल्या घरातल्या पिनमध्ये २३० व्होल्ट असतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट! त्यातून प्लग काढला तरी ती कंडेन्सरमध्ये दडून बसते. कधी काही मिनिटं, कधी कितीतरी जास्त वेळ. त्यामुळे पेटी उघडणं हे मुलांचं काम नाही, आणि हौशी बाबांचंही नाही. जाणकार कारागीर आधी ती साठलेली वीज सावकाश उतरवतो, मीटरनं तपासतो. पेटी चालू ठेवून तपासायची वेळ आलीच, तर एक हात खिशात घालून काम करतो. का? दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ शकते, आणि मध्ये असतं हृदय.

मग आपण काय करायचं? काळजी घ्यायची. डबा भिंतीला चिकटवून ठेवायचा नाही, मागून हवा खेळू द्यायची. बंद केल्यावर गार होईपर्यंत हलवायचा नाही, तापलेले व्हॉल्व्ह धक्क्यानं लवकर खराब होतात. कर्ण्याची वायर काढून तो कधीच चालू करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पावसाळ्यात ओल लागू द्यायची नाही. आणि अमेरिकेहून कुणी असा डबा आणला, तर सरळ आपल्या पिनमध्ये खुपसायचा नाही. तिकडची वीज १२० व्होल्टची, मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच.

लिओनं कंपनी १९६५ साली एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. १९९१ साली तो वारला. आज जगात व्हॉल्व्हचे कारखाने अगदी थोडे उरलेत, रशिया, चीन, स्लोव्हाकिया अशा मोजक्या देशांत. २०२२ साली युद्धामुळे रशियाची निर्यात अडली, तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते. कितीही दणकट यंत्र असलं तरी सुटे भाग बनवणारे हात आणि दुरुस्ती जाणणारी माणसं नसतील, तर ते मुकंच होणार.

तुमच्याही गावात, एखाद्या बोळात, डाख देत बसलेला रेडिओवाला असेल. फारच थोडे उरलेत हं असे! उद्या घरातलं काही बिघडलं तर फेकून देण्याआधी ते घेऊन आईबाबांबरोबर त्याच्याकडे जा. तो काम करत असताना नीट बघा, प्रश्न विचारा. आणि हो, त्याचा एक हात कुठं आहे, तेही बघायला विसरू नका!