चिल्लई कलांचे चार दिवस

काश्मीरमध्ये थंडीची तीन नावे आहेत. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलां, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. 2024 साली चिल्लई कलां आले तेच उग्र रूप घेऊन. 21 डिसेंबरच्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे 8.5 अंशांपर्यंत उतरला. डिसेंबरमधली इतकी थंड रात्र तिथे पन्नास वर्षांत झाली नव्हती. पाठोपाठ 27 तारखेला, शुक्रवारी, बर्फ सुरू झाला. त्या वेळी आम्ही दक्षिण काश्मीरमध्ये, काझीगुंडजवळच्या एका खेड्यात होतो.

कोकणातली माणसे भर थंडीत तिथे कशी, असे वाचक विचारतील. दिवाळीनंतर शालींचे गाठोडे घेऊन चिपळूणला येणारे एक काश्मिरी भाई कित्येक वर्षांपासून आमच्या घरचेच झाले आहेत. नाताळच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला निघालो तेव्हा त्यांनी हॉटेलचे नाव काढू दिले नाही. ते चिपळूणला आणि आम्ही चौघे त्यांच्या घरी, असा उलटा हिशेब जमला. घरात त्यांचे आईवडील, धाकटा भाऊ आणि दिवस भरत आलेली पत्नी. शनिवारी सकाळी निघून बोगद्यातून जम्मू गाठायचे, असा आमचा बेत होता.

जुम्याची नमाज झाली आणि बर्फ पडू लागला. कोकणातला पाऊस आधी आवाज करतो, मग येतो. बर्फाला आवाजच नाही. संध्याकाळपर्यंत अंगण, कुंपण, अक्रोडाचे झाड सगळे एकाच रंगाचे झाले. शेजारपाजारचे लोक एकमेकांना "शीन मुबारक" म्हणत होते. शीन म्हणजे बर्फ. रात्री वीज गेली. नंतर कळले की खोऱ्याच्या बऱ्याच भागात अंधार झाला होता. पत्र्याच्या उतरत्या छपरावरून बर्फाचा थर घसरून धप्पकन खाली पडे आणि मुले दचकून उठत. मग खाला अंधारातूनच म्हणत, "कुछ नहीं बेटा, छत हल्की हो गई."

शनिवारी दार उघडले तर बर्फ गुडघ्याच्या वर. जम्मूचा महामार्ग बंद, विमाने रद्द, रेल्वेही थांबलेली. दोन हजारांच्या आसपास वाहने रस्त्यात अडकल्याची बातमी आली. आमचा प्रवास संपला आणि घरातले दिवस सुरू झाले.

हे दिवस काढण्याची तयारी काश्मिरी बाई उन्हाळ्यातच करून ठेवते. वांगी, दुधी, टोमॅटो चिरून, दोऱ्यात ओवून वाळवायचे. सुकी मासळीही भरून ठेवायची. आगोटीला आपण सुके बोंबील, सोडे, कोकम भरतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आपण पावसासाठी साठवतो, ते बर्फासाठी. खालांनी डब्यातून सुक्या वांग्यांची माळ काढली, गरम पाण्यात भिजवली आणि भातासोबत त्याची भाजी केली. दिवसातून तीन वेळा नून चाय, मिठाचा गुलाबी चहा. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला.

उबेसाठी कांगडी. वेताच्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे, वर राखेचा थर. फिरनच्या आत कांगडी धरून माणसे बसतात, बोलतात, चालतातही. खालांनी आमच्या मुलांना ती धरायला शिकवली, पण झोपताना कटाक्षाने काढून घेतली.

आम्हांला टोचत होते ते वेगळेच. तो साठा चार माणसांच्या चाळीस दिवसांचा होता आणि खाणारे आठ झाले होते. आम्ही पैशांचा विषय काढला, तेव्हा चाचांनी शांतपणे सांगितले, "आमचा मुलगा तुमच्याकडे कधी पैसे देऊन जेवतो का?" पुढे बोलायला जागाच उरली नाही.

शनिवारी दुपारी सूनबाईंना कळा सुरू झाल्या. दवाखाना लांब, गाडी दारापर्यंत येणे अशक्य. धाकटा भाऊ मशिदीकडे धावला. लाऊडस्पीकरवरून काश्मिरीत काही शब्द उच्चारले गेले आणि दहा मिनिटांत फावडी घेऊन माणसे जमली. काही जण पुढे बर्फ बाजूला सारत होते, मागून चौघांनी खाट उचलली होती. खाटेवर दोन रजया, पायाशी कांगडी. खाला सोबत गेल्या. मुख्य रस्त्यावर अॅम्ब्युलन्स पोचली होती. घरात उरलेल्या आम्ही सगळ्यांनी दोन रकात नफिल पढून दुआ केली. चिपळूणहून भाईंचे फोन येत होते. शेवटी मोबाईलची बॅटरी संपली आणि दोन्हीकडे नुसती वाट पाहणे उरले. चाचा रात्रभर तसबीह घेऊन खिडकीशी बसून होते.

रविवारी फजरनंतर निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. अलहम्दुलिल्लाह!

त्या दोन रात्री गावच्या मशिदीच्या हमामात काही अडकलेले ट्रकचालक झोपले होते. काश्मीरमधल्या मशिदींत दगडी फरशीची एक खोली असते. फरशीखाली लाकडे पेटवतात, त्यामुळे जमीन ऊबदार राहते आणि वुजूसाठी गरम पाणीही मिळते. तिकडे गांदरबल जिल्ह्यातल्या गुंड गावाने सोनमर्गहून परतणाऱ्या पंजाबच्या पर्यटकांसाठी आपल्या जामा मशिदीची दारे उघडली. ती बातमी तेव्हा देशभर गेली. ज्यांच्याबद्दल अशी बातमी आली नाही, अशी घरे आणि मशिदी आम्ही डोळ्यांनी पाहिल्या.

कुरआनने जकातचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिरही आहे. शाळेत हा धडा आम्ही अनेकदा शिकवला आहे. घरी सुखवस्तू असलेला माणूसही वाटेत अडला की गरजू होतो, हे मुलांना समजावताना उदाहरण शोधावे लागे. आता शोधावे लागणार नाही.

सोमवारी आम्ही निघालो तेव्हा सफरचंदाच्या बागांत शेतकरी फांद्यांवरचा बर्फ झटकत होते. भार वाढला की फांदी मोडते. तरी कोणी कुरकुर करत नव्हते. चाचा म्हणाले, चिल्लई कलांचा बर्फ घट्ट बसतो, हळूहळू वितळतो आणि उन्हाळ्यात तोच ओढ्यांना आणि शेतांना पाणी देतो. त्याच वर्षी जानेवारीत गुलमर्गसुद्धा कोरडे होते, त्यामुळे हा बर्फ त्यांना रहमतच वाटत होता.

आपल्या शहरांत हिवाळ्यात ही काश्मिरी मुले गाठोडी घेऊन दारोदार फिरतात. भाड्याची खोली मिळवताना त्यांना किती दारे बंद दिसतात, हे भाईंकडून आम्ही ऐकले आहे. शाल घ्या किंवा घेऊ नका. पण दारात आलेल्याला आत बसवून चहा जरूर द्या. तिकडे त्याच्या घरी कोणी खाट वाहून नेत असेल, आणि ते त्याला अजून कळलेलेही नसेल.