चार चाकांचा मुऱ्हाळी

आमच्या घरात चाकांच्या वस्तूंना तोटा नाही. परसात जुनी बैलगाडी जू टेकून उभी आहे. तिच्याशेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, शेण वाहायची ढकलगाडी आहे, धाकट्याची मोटारसायकल आहे. पण साडेसहा किलो वजनाच्या एका घडीच्या बाबागाडीवरून गेल्या वर्षी आमच्या घरात जेवढी बोलाचाली झाली, तेवढी ट्रॅक्टर घेतानाही झाली नव्हती.

सूनबाईचं माहेर बार्शीकडं. आमच्या फलटण भागातून जायचं म्हणजे पंढरपूरला एसटी बदलायची, बार्शीला उतरायचं आणि तिथून पुढं गावच्या गाडीची वाट बघायची. नात सहा महिन्यांची झाली आणि सूनबाईच्या वडिलांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हा थोरला भाड्याची जीप करून तिला घेऊन गेला आणि चार दिवसांनी घेऊन आला. पण जीप काही दर महिन्याला परवडत नाही. थोरल्याची कारखान्यात पाळी, सुट्टी मिळत नाही. यांना दोन वेळच्या धारा सोडून हलता येत नाही. माझ्या मणक्यात गॅप आहे, जड उचलायला डॉक्टरांनी मनाई केलेली.

सूनबाई एकदा धाडस करून एकटीच निघाली. काखेला साडेआठ किलोची लेक, खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात दुधाची बाटली. पंढरपूरच्या स्टँडवर उतरताना पायरीवरून तिचा पाय सटकला. एका बाईनं धरलं म्हणून पडली नाही, पण पोरीचं कपाळ दांडीला लागलं आणि सुपारीएवढं टेंगूळ आलं. बिचारी तिथूनच परत फिरली.

संध्याकाळी दारात आली तेव्हा मी काय म्हणाले, ते आज लिहितानाही मनाला लागतं. मी म्हणाले, "आम्ही नाही का चार-चार लेकरं घेऊन गेलो? आजकालच्या पोरींना काही जमतच नाही."

ती काही बोलली नाही. पोरीला पाळण्यात टाकून भाकरी थापायला बसली. रात्री हे हळूच म्हणाले, "तू माहेराला एकटी कधी गेलीस गं? तुझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून यायचा. पोरं एक त्याच्या खांद्यावर, एक कडेवर. तू नुसतं गठुडं घेऊन मागनं चालायचीस. हिला तर भाऊच नाही."

मी भिंतीकडं तोंड करून पडले, पण झोप काही आली नाही. खरंच होतं ते.

दुसऱ्या आठवड्यात थोरल्यानं ओळखीच्या एकाची जुनी बाबागाडी आणली. भली मोठी, टप असलेली, सायकलसारख्या चाकांची. अंगणात झोकात चालायची. यांनी ती वजनकाट्यावर ठेवली तर तेरा किलो भरली. तिची घडी घालायला दोन माणसं लागायची आणि घडी घालूनही ती एसटीच्या दारात अडकली. वाहक म्हणाला, "मावशी, ही गाडी आहे का गाडा?" लोक हसले. गाडी परत गेली.

मग मात्र मी मनावर घेतलं. बैल घेताना आपण खूर बघतो, दात बघतो, चालवून बघतो. वस्तू घेतानाच का चित्र बघून घ्यायची? सूनबाईला आणि नातीला घेऊन मी तालुक्याच्या दुकानात गेले. जाताना पिशवीत दहा किलो गहू घेतले. दुकानदाराला वाटलं, बाई बाजार करून आल्या.

त्यानं पाच-सहा गाड्या दाखवल्या. एक गाडी पुढं करून म्हणाला, "ही विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते." मी म्हटलं, "आम्हाला विमान नको. एसटीच्या दोन बाकड्यांमध्ये मावली पाहिजे." पण पुढं लक्षात आलं की दोन्ही गोष्टी एकच आहेत. घडी लहान होते तीच प्रवासाची गाडी.

आधी वजन बघितलं. सूनबाईला म्हटलं, पोरीला काखेला घे आणि दुसऱ्या हातानं गाडी उचलून चार पायऱ्या चढ. साडेसहा किलोची गाडी जमली, ती भरल्या कळशीपेक्षा हलकी. नऊ किलोची जमली नाही. मग घडी. पोरगी काखेला असताना एका हातानं जिची घडी पडत नाही, ती गाडी एकट्या बाईच्या कामाची नाही. आणि उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. अर्धवट उघडलेली गाडी मुलासकट मिटली तर भलतंच व्हायचं. घडी घालताना, उघडताना मुलाची बोटंही सांध्यात चेंगरू शकतात, म्हणून त्या वेळी मूल लांब हवं.

मग गव्हाची पिशवी गाडीत बसवली आणि ढकलून बघितली. मोकळी गाडी कोणतीही छान पळते, भार टाकल्यावर खरी चाल कळते. एक गाडी डावीकडंच ओढायची, ती बाजूला केली. बसक्या दांड्याची एक होती, तिच्यामागं सूनबाईला वाकून चालावं लागायचं. माझ्यासारखा मणका व्हायला वेळ लागला नसता. तीही गेली.

पट्टे बघितले. दोन खांद्यावरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच ठिकाणी धरणारे हवेत. नुसता कमरेचा पट्टा असला की वळवळं पोर खालून सरकतं. ब्रेक लावून गाडी उतारावर उभी केली आणि मागून रेटून बघितली. कापड काढून धुता येतं का विचारलं, कारण पेज सांडणारच. टप डोळ्यांवरचं ऊन अडवेल एवढा पुढं येतो का, पाठ मागं रेलते का, हेही पाहिलं.

पाठीची गोष्ट महत्त्वाची. आमची नात तेव्हा दहा महिन्यांची, चांगली बसणारी होती म्हणून ही गाडी चालली. जे मूल अजून मान धरत नाही, बसत नाही, त्याला ताठ बसायच्या गाडीत घालू नये. मान पुढं पडली तर श्वास कोंडतो. तान्ह्यासाठी पाठ सपाट होणारी गाडी लागते, नाहीतर आईची कूस आहेच.

साडेपाच हजार पडले. एवढ्यात शेळीचं एक पाट आलं असतं, असं मनात आलं. पण जीपच्या भाड्याचा हिशोब केला आणि पैसे मोजून दिले.

घरी आल्यावर थोरल्यानं एक गोष्ट वाचून दाखवली, ती मला फार आवडली. अशी छत्रीसारखी मिटणारी गाडी 1965 साली इंग्लंडमध्ये ओवेन मॅकलॅरेन नावाच्या एका निवृत्त विमान इंजिनिअरनं काढली. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या उतरायच्या चाकांच्या रचनेवर त्यानं काम केलं होतं. ती चाकं विमान उडाल्यावर पंखांत मिटून जातात. त्याची लेक नातवंडाला घेऊन प्रवास करायची, तिची अवजड गाडी बघून त्याला हे सुचलं. अॅल्युमिनियमच्या नळ्यांची त्याची गाडी तीन किलोच्या आत होती. म्हणजे ही गाडी मुळात एका बापानं लेकीसाठी केलेली. सूनबाई ऐकत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीपाशी गेली.

मग आठ दिवस आम्ही रंगीत तालीम केली. अंगणातून देवळापर्यंतच्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. पण आमच्या वस्तीच्या मुरमाच्या वाटेवर बारकी चाकं खड्यात रुतायची. हे घेणाऱ्यानं आधीच जाणून असावं. लहान घडीच्या गाडीची चाकं लहानच असतात, ती शेतवाटेची नाही. खडा आडवा आला की गाडी फिरवून उलटी ओढावी, मागची चाकं सहज चढतात. बांधावर न्यायला अजून कडेवर घेणं आणि आंब्याखालची झोळी, यांना तोड नाही. जेजुरीच्या पायऱ्यांनाही ती उपयोगाची नाही. जिथं फरशी, डांबर, फलाट, दवाखाना, मंगल कार्यालय, तिथं तिचं राज्य.

एके दिवशी मी बाजाराहून येताना कांद्याची पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली आणि नातीला उचललं. क्षणात गाडी मागं उलटली. पोरगी आत असती तर? तेव्हापासून दांड्याला काही अडकवायचं नाही, सामान खालच्या जाळीत, असा घरात कायदा झाला. दुसरा कायदा, ऊन लागतं म्हणून गाडीवर चादर किंवा टॉवेल पांघरायचा नाही. आत हवा कोंडते आणि भट्टी होते. तिसरा कायदा, चालत्या एसटीत किंवा टेम्पोत मूल गाडीत बसवायचं नाही. गाडी मिटून पायाशी, मूल मांडीवर.

शेजारीण म्हणाली, "एवढ्या पैशात चाकांचं गोल बसकं आलं असतं, पोरगी घरभर फिरली असती." ती वस्तू वेगळी. त्यात बसून पोरं उंबऱ्यावरून, पायरीवरून कोसळतात. कॅनडा देशानं तर 2004 साली तिच्या विक्रीवर बंदीच घातली. चालायला शिकायला आपला सागवानी पांगुळगाडा बरा. त्यात पोर स्वतःच्या पायावर उभं असतं.

शेवटी तो दिवस उजाडला. सकाळच्या गाडीनं सूनबाई निघाली. पाठीला एक पिशवी, मांडीवर लेक, पायाशी गाडीची घडी. मी दिवसभर फोनकडं बघत होते. साडेअकराला पंढरपूरहून फोन आला, "आत्या, पोचलो. ती गाडीत झोपलीय. मी चहा घेतेय." स्टँडवर दोन्ही हात मोकळे ठेवून चहा पिणारी आई माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मला हसूच आलं. चार लेकरं वाढवली, पण प्रवासात असा निवांत चहा मी कधी प्यायले नव्हते.

दिवस मावळायच्या आत ती माहेरी पोचली. तिनं गाडी वडिलांच्या खाटेजवळ नेली आणि ब्रेक लावला. त्यांना नातीला उचलता येत नव्हतं. पण गाडीतल्या पोरीचं तोंड बरोबर खाटेच्या उंचीला आलं. त्यांनी डावा हात पुढं केला आणि पोरीनं त्यांचं बोट धरलं. सूनबाई सांगत होती, "आत्या, अण्णा दिवसभर तेच करत होते. डाव्या हातानं गाडी पुढं ढकलायची, मागं ओढायची. ती हसायची, ते हसायचे."

पुढच्या चार महिन्यांत ती अशी पाच वेळा जाऊन आली. पाचव्या खेपेनंतर तीन आठवड्यांनी अण्णा गेले. तेव्हा आम्ही सगळेच जीपनं गेलो. ओसरीवर भिंतीजवळ त्यांची रिकामी खाट होती. सूनबाईनं गाडी उघडून खाटेजवळ ठेवली आणि तिथंच बसून राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते विसर, बाई." तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

आता नात दोन वर्षांची होत आली. गाडीत बसायला कुरकुरते, स्वतःच ढकलायला बघते. चाकांची माती मी ओल्या फडक्यानं पुसते आणि गाडी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवते. वाड्यातल्या दोघी-तिघी प्रवासाला म्हणून मागून नेतात. मी देते. देताना ब्रेक दाखवते, पट्टे दाखवते आणि ते तीन कायदे सांगते.

कडेवर मूल घेण्याची माया कुठल्या गाडीला येत नाही, हे खरं. पण आपण सोसलं म्हणून सुनेनंही सोसावं, ही काही माया नव्हे. पूर्वी मुऱ्हाळी भाऊ असायचा. ज्या घरातून भाऊ येत नाही, तिथं सासरच्यांनी काहीतरी सोय करावी. आमच्या घरी ती चार चाकांवर आली.