मेथी तशीच राहिली

मैत्रिणींनो, खुनाबिनाच्या मालिका मी सहसा बघत नाही. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि पहाटे पाण्याला उठायचं असतं. पण परवा सूनबाईनं ‘मानवत मर्डर्स’ लावली. म्हणाली, “आई, तुमच्या परभणीकडची गोष्ट आहे, बघा तरी.” मेथीची जुडी घेऊन बसले. मेथी तशीच राहिली!

२०२४ साली आलेली ही मालिका. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ या काळात बायकांचे नि लहान मुलींचे एकामागून एक खून पडले, त्यावरची. मुंबईहून तपासाला गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचं काम आशुतोष गोवारीकरांनी केलंय.

तुमच्यापैकी ज्या मराठवाड्यातल्या असतील त्यांना ते दिवस आठवतील. बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, बायाबापड्या खडी फोडायला जायच्या. मी तेव्हा अठरा वर्षांची. मानवतच्या बातम्या आल्या आणि आईनं आम्हा बहिणींना एकटीदुकटीनं पाण्याला पाठवणंच बंद केलं. चौघी-पाचजणी मिळून जायचो. भीती वाटायची ती अंधारातल्या अनोळखी माणसाची.

मालिका बघताना मात्र भीती वाटली ती निराळीच. गुप्तधन सापडावं, मूल व्हावं म्हणून हे बळी दिले गेले, असं तपासात पुढं आलं. ‘मूल व्हावं’ हे शब्द ऐकले आणि माझा हात थांबला.

कुणाला कधी बोलले नाही, ते आज तुम्हाला सांगते. लग्नाला पाच वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. सासूबाईंनी एका देवरश्याकडे नेलं. अमावास्येची रात्र. त्यानं काळी कोंबडी मागितली, आम्ही नेली. तो सांगेल ते मी मान खाली घालून करत गेले. “कशासाठी?” म्हणून एकदासुद्धा विचारलं नाही. कोंबडीवर थांबलं ते त्याच्या मर्जीनं, माझ्या शहाणपणानं नव्हे! पुढं दवाखान्यात इलाज झाला आणि मुलगा झाला.

सूनबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही भलतंसलतं काही केलंच नसतं.” बरं वाटलं, पण “हो” म्हणायला जीभ रेटेना.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. पण कायदा दारात येईपर्यंत घरात बरंच काही घडून गेलेलं असतं, नाही का? म्हणून म्हणते, तुमच्या नात्यागोत्यात मुलासाठी झुरणारी एखादी असेल, तर हळदीकुंकवाला तिला “अजून काहीच नाही का गं?” असं विचारू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा. तिच्या नवऱ्यालाही तपासणीला पाठवा.

आणि हो, मेथी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून निवडली. बोलत बोलत.